रुमालाखालचा हात

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज भर बाजारात घाण केली. मीच.

पाथर्डीकडचं गिऱ्हाईक होतं, म्हैस बघायला आलेलं. मामा पहिल्यांदाच म्हणाला, "बस, आज तू कर." मी रुमाल टाकला, त्याचा हात हातात घेतला. घोडेगावच्या बाजारात मामासारखे जुने दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून बोलतात, म्हणजे भोवतीच्या माणसांना कळत नाही. वर पावसापाण्याच्या गप्पा, खाली व्यवहार. त्यानं बोटं दाबली ती भाव अगदीच पाडून. आणि वर हसत म्हणाला, "पोरगं नवं हाय व्हय? कान लाल झालं की ह्याचं."

झालं. रुमाल फेकला आणि त्यानं मागितलेला आकडा ओरडून सांगितला. पार पलीकडच्या दावणीपर्यंत. वर आणि, "एवढ्यात म्हैस न्हाई, शेपूट भेटंल!"

बाजार वळून बघायला लागला. मग हसला. ज्या जनावराचा भाव असा चव्हाट्यावर आला, त्याला त्या दिवशी कोण विचारतो? मालक बिचारा म्हैस पिकअपमध्ये घालून परत गेला. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

 घरी दारात चपला काढता काढता मामा म्हणाला, "भाच्या, तुझं तोंड हाय का पेपर? समदं छापूनच येतंय."

आजची फुली.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मामीनं मोदक केले, मामानं माझ्या ताटात दोन जास्त टाकले. बोलत मात्र अजून नाही.

फुली म्हणजे राग. ज्या दिवशी हात, तोंड किंवा भांडं हातून सुटलं त्या दिवशी फुली. ही युक्ती कॉलेजातल्या र.च्या वहीतली. दिवस संपला की स्वतःला विचारायचं, आज कुठं चुकलो. तिनं समासात लिहिलंय : "वकील आणि न्यायाधीश दोन्ही आपणच. फी नाही!" आणि त्यापुढं हसरा चेहरा.

वही तिची. तत्त्वज्ञानाच्या तासाची, दुसऱ्या वर्षाची. सर स्टोइक लोकांवर शिकवत होते, ग्रीस-रोममधले जुने लोक. मी तासाला बसायचो ते तिचा बाक पुढं होता म्हणून. परीक्षेच्या आधी तिनं वही दिली, "दोन दिवसांत परत दे, भांडखोर." तशीच राहिली. आता मी स्टोइक वाचतो ते तिच्या अक्षरात. कधी कधी कळत नाही की वाचतोय का नुसतं बघतोय. तिचा 'ळ' असा ढेरपोट्या असतो.

जानेवारीत गॅदरिंगला एक जण तिच्यावरून काहीतरी बोलला. मी खुर्ची उचलून त्याच्या पाठीत मोडली. वाटलं होतं, तिच्यासाठी केलं. झालं असं की ज्याला तिचं नाव माहीत नव्हतं त्यालाही झालं. आठवड्याच्या आत तिचे वडील होस्टेलवरून तिला घेऊन गेले. नेवाशाच्या पुढं गाव आहे, नदीकाठी. चौथं सत्र बुडालं तिचं. मी स्वतःच नगरचं कॉलेज सोडलं, काढायच्या आधी. आईनं मामाकडं धाडलं, "जनावरांत राहून तरी माणूस होईल."

तिचा एकच मेसेज आला त्यानंतर. "माझं 'नाही' ऐकून तुझा चेहरा बदलणार नाही, त्या दिवशी बोलू. तोवर फोन नको."

आठ महिने झाले.

दिवाळीनंतर पुन्हा चौथं सत्र सुरू होईल. परत नाव घालायचं, फॉर्म आणून ठेवलाय. तोवर फुल्या बंद झाल्या पाहिजेत. आणि ती? तीही येईल का? हे मात्र तिच्या वहीतल्या भाषेत ह.ना. (ह.आ. = हातात आहे, ह.ना. = हातात नाही. प्रत्येक पानाच्या कडेला दोन रकाने केलेत तिनं.)

१० सप्टेंबर, मंगळवार

वहीतला एक प्रयोग : सकाळी उठून आज काय काय वाईट होऊ शकतं ते डोळ्यांपुढं आणायचं. म्हणजे घडलं तर धक्का कमी.

केला. म्हैस लाथ मारेल. चालेल. मामा चारचौघांत बोलेल. चालेल. घरून, खर्ड्याहून, बापाचा फोन येईल, "झालं का शिकून?" तेही चालेल. मग वाटलं, आता मोठं काहीतरी घेऊ. र.चं लग्न. मांडव, स्पीकर, ती हिरव्या बांगड्यांत.

लोटा भिंतीवर.

मामी चुलीपासून ओरडली, "सकाळी सकाळी कुनाशी भांडतुयास रं, एकटाच?"

फुली. सात वाजायच्या आत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

रुमालाला हात लावायचा नाही, असा हुकूम. आज म्हशी धुणं, कासरे धरणं, चहा आणणं. दिवसभर मामाचा चेहरा बघत होतो. एका बैलजोडीवर अर्धा तास हात दाबादाबी चाललेली आणि मामा वर बोलतोय कशावर, तर मिसरीवर. कुठली चांगली, कुठली नुसती राख. चेहऱ्यावर काही नाही. शाळेच्या भिंतीसारखा.

मी विचारलं, "मामा, आत काही होतच नाही का तुला?"

"होतंय की. पन त्येला म्हनायचं, तू आत बस. तुझं काम न्हाई भायेर."

स्टोइकांचं हेच की. पहिला झटका येतो, तो आपल्या हातात नसतो. सर म्हणायचे, तोफ वाजली की शहाणाही दचकतो. त्या झटक्याला 'हो' म्हणायचं की नाही, एवढंच आपलं. मामानं पुस्तक कधी उघडलेलं नाही.

पण मामी म्हणाली, "बाजारात दगुड. घरच्या गाईचा पाडा इकला त्या वर्षी चार दिस जेवला न्हाई नीट. गोठ्यात जाऊन उभा ऱ्हायचा नुसता."

मामाला विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं. आज पाऊस, काम नाही.

र.ची वही दुसऱ्या वहीत उतरवून काढतोय. माझ्या अक्षरात. आज अकरा पानं झाली. गंमत अशी की माझ्या अक्षरात तेच वाक्य कोरडं वाटतं. तिच्या अक्षरात 'दुसऱ्याचं मन ह.ना.' असं वाचलं की पान उलटून टाकायचो. माझ्या अक्षरात वाचलं तर खरंच एवढंच आहे. दुसऱ्याचं मन माझ्या हातात नाही. टिंब.

उतरवता उतरवता मनानं नगरबाहेरच्या डोंगरावर, चांदबीबीच्या महालावर पोचलो. सगळा वर्ग गेला होता, मागच्या पावसाळ्यात. वर वारा एवढा की बोललेलं उडून जायचं. ती वडापावमधली मिरची आधी खायची, मग डोळ्यांत पाणी आणून वडा. मी म्हटलं, उलटं का? म्हणाली, "वाईट आधी उरकून घ्यायचं." खाली नगर पसरलेलं. बारकं बारकं. सर म्हणाले, असं वरून बघितलं की आपली भांडणं केवढी दिसतात? र. वळून माझ्याकडं बघून हसली. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. तेव्हा येत होतं हसायला.

त्या दिवशी येताना एसटीत ती खिडकीशी आणि मी शेजारी उभा, दांडा धरून. जागा रिकामी होती. बसलो नाही. का नाही बसलो?

आज फुली नाही. पावसामुळं असेल.

२२ सप्टेंबर, रविवार

मामानं घरी शिकवणी लावली. ओसरीवर मी आणि मामी, मध्ये टॉवेल. मामी गिऱ्हाईक.

मामी तयारीचीच निघाली. बोटं दाबत दाबत वर सुरू : "कॉलेज सोडून शेन काढतुया म्हनं तुमचा भाचा?" मी गप्प. "आमच्या गल्लीत समद्यांनी इचारलं, त्यो खुर्चीवाला त्योच का?" गप्प. कान गरम झाले, पण गप्प. मामा मागून म्हणतोय, "कान न्हाई रं, श्वास बघ. श्वास धरतूस तू. सोड." सोडला. कान निवले. खरंच निवले!

मग मामीनं हळूच र.चं नाव घेतलं.

टॉवेलाखाली माझा हात असा उडाला की मामीची बांगडी फुटली.

मामी हसायची थांबली. म्हणाली, "लागलं का रं?" बांगडी तिची फुटलेली, आणि विचारतीय मला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला व्यवहार जमवला. दोन म्हशी. घेणाऱ्यानं मला "लेकरू" म्हटलं, चालू दिलं. मामानं सगळ्यांसमोर चहा माझ्या हातात स्वतः आणून दिला.

आठवडाभर फुली नाही. कॉलेजचा फॉर्म भरला. 'खंडाचे कारण' असा रकाना आहे. त्यात लिहिलं, वैयक्तिक. खोडलं. राग, असं लिहिलं. तेही खोडलं. आता तिथं नुसती शाई आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

हात अजून दुखतोय. तरी लिहितो, उद्या वेगळं आठवेल.

हंगाम तोंडावर, ऊसतोडीवाले बैल घ्यायला उतरलेले. गर्दी. मामा दोन ठिकाणी अडकलेला. मला म्हणाला, "ती लाल जोडी बघ जरा. नेवाशाकडचे हायेत." मी गेलो आणि बैल ओळखले. लाल्या आणि मंत्री. र.च्या फोनवर फोटो होता, दोन बैल आणि मध्ये तिचे वडील, नाना. मंत्री नाव का, तर एकदा बसला की उठत नाही. शंभरदा सांगितलंय तिनं.

नाना कासरा धरून उभे. कपाळ तिचंच.

मला ओळखलं नाही त्यांनी. रुमाल टाकला, हात घेतला. जाड हात, तळव्याला घट्टे. मी विचारलं, "जोडी का काढली?" म्हणाले, "गुडघं गेलं माझं. वैरन-पानी समदं पोरगीच करती. तिनं किती दिस करायचं?"

म्हणजे ती वैरण कापते. आठ महिने.

तेवढ्यात मामा लांबूनच ओरडला, "नाना, आमचा भाचा हाय त्यो, इक्रम! नगरला शिकत हुता! बिनघोर ऱ्हावा!"

नानांचा खालचा हात थांबला.

चेहरा तसाच. बैलांकडंच बघत होते. मग हळूहळू माझी बोटं त्यांच्या मुठीत आवळत गेली. भाव नव्हता तो. हाडावर हाड घासलं. वर म्हणाले, "खर्ड्याकडं पाऊस कसा हाय?" म्हणजे माझं गावही माहीत होतं त्यांना.

"बरा आहे," मी म्हटलं.

"कापूस?"

"बरा आहे."

हात काढून घेता आला असता. काढला नाही. श्वास सोडत राहिलो. पहिल्यांदाच असं झालं की दुखत होतं आणि राग नव्हता. त्यांचा हक्क होता तेवढा.

मग मूठ सैल झाली आणि त्यांनी सरळ भाव सांगितला. मी पलीकडं जाऊन घेणाऱ्याचा हात धरला. इकडचं तिकडं नीट नेलं, तिकडचं इकडं. पाच खेपा. जोडी चांगल्या घरी गेली, कर्जतकडचा म्हातारा, बैलांच्या पाठीवरून हात फिरवून मग बोलणारा. नानांनी मंत्रीच्या शिंगांमध्ये खाजवलं आणि पाठ फिरवली.

मी मागं गेलो. म्हटलं, "चूक माझी होती. तिची काहीच नव्हती. तिला परत पाठवा."

"तू सांगनार मला?"

"सांगत नाही. मागतोय."

"आन तू तिथंच असशील. परत कुनी काय बोललं, परत खुर्ची. गावात अजून इचारत्यात मला, कुनाच्या पोरीवरून झालं म्हनून."

मी म्हटलं, "मी नगरला येणार नाही. तिचं शिक्षण होईस्तोवर पाय ठेवणार नाही."

कसं बोललो माहीत नाही. फॉर्म खिशातच होता.

 नानांनी खांद्यावरचा स्वतःचा रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला. "बोल आता."

ह्याला बोटांची खूण नसते. नुसता हात धरून उभे राहिलो. रुमालाखाली दिलेला शब्द ह्या बाजारात कुणी फिरवत नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

मामाला सांगितलं. तंबाखू मळत ऐकून घेतलं. "फारम भरला हुतास ना?"

"हो."

"मंग?"

"फाडला."

मामानं चिमूट दाढेत धरली आणि उठून गेला. थोड्या वेळानं गोठ्यातून म्हशीशी बोलल्याचा आवाज. म्हशीशी कसला, माझ्याशीच. "सोडताना तरी मानसानं दोन दिस घ्यावं."

मला मात्र हलकं वाटतंय. हेच की ते. जे ह.आ. ते केलं. शब्द माझा, दिला. बाकी ह.ना. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर ओरडलो नाही आणि जिंकलो. र.ला कळेल तेव्हा... पुढचं लिहीत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. नऊ महिन्यांनी तिचा मेसेज. तसाच उतरवतो.

"दिवाळीनंतर जातेय कॉलेजला. नानांनी सांगितलं, तू नगरला येणार नाहीस असा शब्द दिलास. कुणाला विचारून? जानेवारीत माझ्यासाठी खुर्ची मोडलीस, तेव्हा विचारलं नाहीस. आता माझ्यासाठी स्वतःचं कॉलेज मोडलंस, आताही नाही. मी म्हैस आहे का, दोघांनी रुमालाखाली ठरवायला?"

बस. एवढंच.

आधी कान. मग डोकं. चार उत्तरं लिहिली. एकात लिहिलं होतं, तुझ्यासाठी एवढं करून वर हे? ते वाचलं आणि पुसलं. चारही पुसली. फोन मामीजवळ ठेवायला दिला.

गोठ्यात गेलो, शेण काढलं. सगळं. शेजाऱ्यांचंही काढलं.

फुली मारायला वही उघडली. कुणावर ओरडलो नाही, काही फोडलं नाही. नियमानं फुली नाही. पण मग जानेवारीतली खुर्ची आणि चार तारखेचा शब्द ह्यांत फरक काय? एकात आवाज झाला, एकात नाही. दोन्ही वेळा मीच मोठा. दोन्ही वेळा तिला नंतर कळलं.

दोन रकाने केले तिनं. ह.आ., ह.ना. मी तिला कधी ह्यात, कधी त्यात घालत बसलो. ती माझ्या कुठल्याच रकान्यात बसणारी नाही. ती माणूस आहे, तिला विचारायचं असतं.

फुली मारली. मोठी.

१६ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर पाठवलं. तीन ओळी. "तुझं बरोबर आहे. विचारायला पाहिजे होतं. शब्द दिलाय तो मोडणार नाही, पण तुला काय वाटतं ते ऐकायचंय. जेव्हा, जिथं तू म्हणशील."

फोन परत मामीजवळ ठेवायला दिला. 

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बाजारात नाना भेटले, एकटेच, कासरा घ्यायला आलेले. बैल नाहीत तरी कासरा? विचारलं नाही. र.ची वही कागदात गुंडाळून दिली. "तिची राहिली होती माझ्याकडं." नानांनी तिथंच उघडली. चार पानं उलटली, ओठ हलवत वाचली. "पोरीचं अक्षर चांगलं हाय," म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

पिशवीत घातली आणि गेले.

घरी आल्यावर माझी वही उघडली. माझ्या अक्षरातली. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण वाचता आली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी गेली. महिनाभर काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही मोडलं नाही.

आज बाजारातून आलो तर मेसेज. "सोमवारी सकाळच्या एसटीनं नगरला जातेय. गाडी घोडेगावला थांबते. मी उतरणार नाही. खिडकीशी ये. मला विचारायचंय एक. नाना सोबत आहेत, त्यांना माहीत आहे."

१७ नोव्हेंबर, रविवार

मामीचा आरसा ओसरीवर आणला. 'हो' ऐकल्यावरचा चेहरा, 'नाही' ऐकल्यावरचा चेहरा. दोन्ही घोटले. दोन्ही सारखेच दिसायला पाहिजेत. 'नाही'चा बरा जमला. 'हो'चाच जमत नाही, कान ऐकत नाहीत.

मामी म्हणाली, "आरशाला तरी सोड."

१८ नोव्हेंबर, सोमवार

गेली.

स्टँडवर मामाही आला, त्याला म्हणे चुना घ्यायचा होता. गाडी आली, धूळ, कंडक्टरचं "घोडेगाव घोडेगाव". ती तिसऱ्या खिडकीशी. शेजारी नाना, समोर बघत. बारीक झालीय. हाताला वैरणीचे ओरखडे, जुने. मी खिडकीखाली उभा राहिलो, श्वास सोडला. दोन्ही चेहरे तयार होते.

तिनं विचारलं, "नगर सोडून जगात कॉलेजं नाहीत का रे?"

 ह्याची तयारी कुठं केली होती?

"नाही म्हणजे... आहेत. नेवाशाला आहे. शेवगावला."

"मग म्हशी किती दिवस धुणार?"

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. खरंच विचारलं, ऐकायला.

तिनं तोंड उघडलं आणि कंडक्टरनं डबल बेल दिली. गाडी हलली. ती काहीतरी बोलली. शेजारच्या टेम्पोनं त्याच वेळी हॉर्न दाबला. त्या टेम्पोवाल्याला मी... काही केलं नाही. उभाच राहिलो. गाडी वळणाला गेली तरी खिडकीतून मागं बघत होती, एवढं दिसलं. पुढचं धुळीत गेलं.

फोन काढला, "ऐकू आलं नाही, परत सांगशील?" असं लिहिलं. पाठवलं. तिनं अजून वाचलेलं नाही, होस्टेलवर सामान लावत असेल.

येताना मामाला विचारलं, "माझा चेहरा बदलला होता का रे?"

"म्या तुझा बघतच नव्हतो. तिचा बघत हुतो."

मी रस्त्यातच थांबलो. चाळीस वर्षं लोकांची तोंडं वाचतोय हा माणूस. "मग? काय होतं?"

मामा चुना पुडीत घालून चालायला लागला. "दलालानं समोरच्याच्या मनातला भाव सांगायचा नसतो."

"मामा!"

"तिलाच इचार की. बोलती चांगली."

जेवताना एकदा विचारलं. आता पुन्हा विचारून आलो. हसतोय नुसता.